माणशी की घरटी? केंद्रीय मंत्रिमंडळाच्या वाटपाचं एक प्रकरण, कोल्हापुरातून

९ जून २०२४, रविवार. संध्याकाळी सव्वासातला राष्ट्रपती भवनात शपथविधी आणि आठला न्यूयॉर्कमध्ये भारत-पाकिस्तान सामना. राजारामपुरीत एका पिठाच्या गिरणीच्या वर आमची खोली आहे, तिथं मी स्पर्धा परीक्षेच्या पोरांना राज्यशास्त्र शिकवतो. रविवार असूनही त्या दिवशी अकरा जण आले. निम्मे सामन्यासाठी आले होते, हे मला ठाऊक होतं.

दुपारी चारला मी फुटाण्यांची पुडी फोडली आणि २९३ फुटाणे मोजून ताटात घालायला सांगितले. एक फुटाणा म्हणजे एक खासदार. भाजपचे २४० ताटाच्या मधोमध. बाकीचे ५३ कडेनं वाट्यांतून: चंद्राबाबू नायडूंच्या तेलुगू देसमचे १६, नितीशकुमारांच्या संयुक्त जनता दलाचे १२, शिंदेंच्या शिवसेनेचे ७, चिराग पासवान यांच्या लोक जनशक्ती पक्षाचे (लोजप) ५, धर्मनिरपेक्ष जनता दल, जनसेना आणि राष्ट्रीय लोकदलाचे प्रत्येकी २. शिवाय एकेक खासदारवाले सात पक्ष. त्या सातांचं गाठोडं मी कागलच्या पोराकडं दिलं, कारण कागलच्या माणसाला राजकारण शिकवावं लागत नाही. शिवसेनेची वाटी हातकणंगल्याच्या पोराकडं, तेलुगू देसमची शिरोळच्या मुलीकडं. भाजपच्या बाजूला दोघं बसवले, एक बोलायला आणि एक गप्प बसायला. एकाला कारकून केलं.

काम एवढंच होतं की शपथविधी सुरू व्हायच्या आत मंत्रिमंडळ बसवायचं.

पुढं जे लिहिलंय ते त्या दुपारचं आणि नंतरच्या दोन दिवसांचं प्रकरण. नंतरच्या तुकड्यांनाही मी ते शिकवतो, कारण आघाडी सरकारच्या मंत्रिमंडळाबद्दल लोक जे गणित तोंडावर फेकतात (‘आमचे इतके खासदार, मग इतकी मंत्रिपदं’) ते किती खरं आणि कुठं फसतं, ते या एका यादीत उघडं दिसतं.

पोरांनी बसवलेलं मंत्रिमंडळ

पहिली हद्द घटनेची. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनं मंत्र्यांची संख्या, पंतप्रधान धरून, लोकसभेच्या एकूण सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांवर अडवली. ५४३ चे १५ टक्के म्हणजे ८१. त्याआधी असा लगाम नव्हता, आणि आघाडीत कुणी रुसलं की एक खुर्ची वाढवून मिटवायचं, ही दिल्लीतली आणि मुंबईतलीही जुनी रीत होती.

पोरांनी ८१ चं टोक गाठायचं नाही असं ठरवलं आणि ७० ते ७२ वर थांबले. ७२ धरले तर साधारण चार खासदारांमागं एक मंत्री येतो. मग काय, कारकुनानं भराभर मांडलं: तेलुगू देसम चार, संयुक्त जनता दल तीन, शिवसेना पावणेदोन म्हणजे दोन, लोजप एक. दोन-दोनवाल्यांना अर्धा-अर्धा मंत्री येत होता, तिथं थोडी बाचाबाची झाली. हातकणंगल्याच्या पोरानं दोनांतलं एक कॅबिनेट मिळवलंच, आणि भाजपवाल्यानं त्याच्या गळ्यात अवजड उद्योग खातं बांधलं. वर्गात हशा पिकला.

हसू का आलं, ते सांगायला हवं. या खात्यावर १९९९ मध्ये मनोहर जोशी बसले, २००९ मध्ये विलासराव देशमुख, २०११ मध्ये प्रफुल्ल पटेल, २०१४ मध्ये अनंत गीते आणि २०१९ मध्ये अरविंद सावंत. सरकार कुणाचंही असो, महाराष्ट्रातला एखादा वजनदार माणूस दिल्लीत सन्मानानं बसवायचा असला की हे खातं निघतं. गीत्यांनी तर २०१४ मध्ये नाराजीपायी पदभार घ्यायलाच वेळ लावला होता. नाव अवजड, खातं हलकं.

याच दरम्यान जनसेनेच्या पोरानं बोलता बोलता आपले दोन्ही फुटाणे खाऊन टाकले. हे आमच्या लक्षात आलं नव्हतं. पुढं आलं.

खरी यादी

शपथा सुरू झाल्या तेव्हा एका मोबाइलवर राष्ट्रपती भवन आणि दुसऱ्यावर न्यूयॉर्कचा पाऊस. शपथेचा क्रम नीट बघा, असं मी पोरांना सांगून ठेवलं होतं. आधी कॅबिनेट मंत्री, मग स्वतंत्र प्रभाराचे राज्यमंत्री (ज्यांच्या खात्यावर वर कॅबिनेट मंत्री नसतो), मग नुसते राज्यमंत्री. खाती दुसऱ्या दिवशी जाहीर व्हायची होती, पण दर्जा या रांगेतच कळतो. मित्रपक्षांतून पहिले उभे राहिले ते धर्मनिरपेक्ष जनता दलाचे एच. डी. कुमारस्वामी. दोन खासदारांचा पक्ष. थोड्या वेळानं जीतनराम मांझी. खासदार एक, म्हणजे ते स्वतःच. मग संयुक्त जनता दलाचे ललन सिंह, तेलुगू देसमचे राममोहन नायडू, लोजपचे चिराग पासवान.

कॅबिनेटची रांग संपली. शिवसेनेचं नाव आलं नाही.

ते आलं पुढच्या रांगेत. बुलडाण्याचे प्रतापराव जाधव, चौथ्यांदा निवडून आलेले, राज्यमंत्री, स्वतंत्र प्रभार.

“सर, आमी सात आन् त्यो एक. त्येला कॅबिनेट आन् आमाला राज्यमंत्री? ह्यो कुठला हिशोब?” हातकणंगल्याचा पोरगा खरोखर चिडला होता. त्याचे स्वतःचे खासदार धैर्यशील माने त्या सातांपैकीच. दुसऱ्या दिवशी मावळचे खासदार श्रीरंग बारणे यांनी जाहीरपणे जवळपास हेच गाऱ्हाणं मांडलं, तेव्हा पोरगं फार खूश झालं. पुढं श्रीकांत शिंदे यांनी आमचा पाठिंबा बिनशर्त आहे असं सांगून तो विषय मिटवला. या ‘बिनशर्त’ शब्दाकडं परत यायचंय.

यादीचे आकडे असे. पंतप्रधान धरून ७२ मंत्री: पंतप्रधान, ३० कॅबिनेट, ५ स्वतंत्र प्रभार, ३६ राज्यमंत्री. भाजपचे ६१, मित्रपक्षांचे ११. त्या अकरांत कॅबिनेट पाच (वर सांगितले ते), स्वतंत्र प्रभाराचे दोन (जाधव आणि राष्ट्रीय लोकदलाचे जयंत चौधरी), राज्यमंत्री चार: संयुक्त जनता दलाचे रामनाथ ठाकूर, तेलुगू देसमचे चंद्रशेखर पेम्मासानी, अपना दलाच्या अनुप्रिया पटेल आणि आपले रामदास आठवले, ज्यांच्या पक्षाचा लोकसभेत एकही खासदार नव्हता.

अजित पवारांच्या राष्ट्रवादीला स्वतंत्र प्रभार देऊ केला होता. प्रफुल्ल पटेल आधी कॅबिनेट मंत्री राहिलेले, ते खाली कसे उतरणार, म्हणून पक्षानं नको म्हटलं आणि थांबायची तयारी दाखवली. ८१ पैकी ९ जागा रिकाम्या ठेवल्या होत्या, त्या याचसाठी. रिकामी खुर्ची भरलेल्या खुर्चीपेक्षा जास्त माणसं शांत ठेवते. ‘विस्तारात बघू’ हे वाक्य कोल्हापुरात जिल्हा परिषदेपासून दूध संघापर्यंत सगळ्यांना पाठ आहे.

गणित कुठं जुळतं, कुठं तुटतं

विल्यम गॅमसन नावाच्या समाजशास्त्रज्ञानं १९६१ मध्ये आघाड्यांबद्दल एक साधी गोष्ट मांडली: जो पक्ष जितकी माणसं आणतो तितक्या प्रमाणात तो वाटा मागतो आणि बहुधा त्याला तो मिळतो. युरोपातल्या आघाडी सरकारांवर हे तपासलं गेलं आणि बरंचसं खरं निघालं. आपल्या यादीला लावून बघा. भाजपकडं आघाडीतले ८२ टक्के खासदार आणि मंत्रिपदं ८५ टक्के. मित्रपक्षांचे ५३ खासदार, त्यांना प्रमाणानं १३ मंत्री यायला हवेत, आले ११. म्हणजे वरवर नियम जुळतो. मोठ्या भावानं दोन जास्त घेतले, एवढंच.

पण मित्रपक्षांच्या आत शिरलात की नियम कोलमडतो. १६ वाल्याला दोन, १२ वाल्याला दोन, ७ वाल्याला एक, ५ वाल्याला एक, २ वाल्याला एक, १ वाल्यालाही एक.

शिरोळच्या मुलीनं फळ्याकडं बघत सहज म्हटलं, “सर, हे घरटी आहे.”

मला हा शब्द सुचला नव्हता. गावच्या म्हाईला (जत्रेला) वर्गणी दोन तऱ्हांनी काढता येते, माणशी किंवा घरटी. माणशी काढली तर बारा डोक्यांच्या खटल्याला बाराचा भार. घरटी काढली तर बारा डोकी असोत की एकटी म्हातारी असो, उंबऱ्याला सारखीच. भाजप आणि मित्रपक्ष यांच्यातलं वाटप माणशी झालं होतं. मित्रपक्षांमधलं घरटी झालं होतं, फार तर मोठ्या दोन घरांना एकेक पान जास्त. सगळ्या घरांना मिळालं असंही नाही. जनसेनेला नाही (त्यांचे पवन कल्याण आंध्रात उपमुख्यमंत्री झाले), आसाम गण परिषदेला नाही, आणखीही काही उंबरे राहिले. पण ज्यांना मिळालं त्यांना उंबरा बघून मिळालं, डोकी मोजून नाही.

असं का होतं? वाटणाऱ्याला ते स्वस्त पडतं. एकसष्ट जागा आपल्याकडं ठेवून उरलेल्या अकरांत नऊ पक्षांचे झेंडे दिसले पाहिजेत, ही त्याची गरज. माणशी वाटलं तर तेलुगू देसम आणि नितीशकुमारच सात जागा घेऊन बसतील आणि बाकीचे दारात उभे. छोट्याला एक पान वाढलं की तो आयुष्यभर नाव घेतो. मोठ्याला चौथं पान वाढलं तरी तो पाचवं मागतो.

फुटाण्यांची चूक

तरी हातकणंगल्याच्या पोराचा मूळ प्रश्न सुटत नव्हता. एक जागा मिळाली हे घरटी मानू. पण दर्जा? मांझींना कॅबिनेट आणि जाधवांना नाही, हे कशानं?

पहिला अंदाज असा की ज्याच्या जाण्यानं सरकार पडतं त्याची किंमत जास्त. म्हणून आम्ही एकेक वाटी ताटापासून लांब सरकवून बघितली. बहुमताला २७२ लागतात. तेलुगू देसम गेला, उरले २७७, सरकार उभं. नितीशकुमार गेले, २८१. शिवसेना गेली, २८६. एकट्यानं कुणीच पाडू शकत नाही. दोघं दोघं घेतले तर तेलुगू देसम आणि नितीशकुमार मिळून गेले की २६५, पडलं. नितीशकुमार आणि शिवसेना, २७४, उभं. तेलुगू देसम आणि शिवसेना, २७०. पडलं! हातकणंगल्याचा पोरगा टेबलावर हात आपटून उभाच राहिला. म्हणजे चंद्राबाबूंच्या जोडीला नितीशकुमारांइतकाच शिवसेनेचाही धक्का पुरा पडत होता. कागदावर शिंदेंची किंमत लोकांना वाटते त्याहून पुष्कळ जास्त होती.

मग तेलुगू देसम आणि लोजपची जोडी घेतली. १६ आणि ५, एकवीस. उरायला हवेत बरोब्बर २७२, म्हणजे सरकार केसावर उभं. कारकुनानं ताटातले मोजले तर २७०. दोनदा मोजले. तेव्हा जनसेनेच्या वाटीकडं सगळ्यांची नजर गेली आणि पोरगं म्हणालं, “सर, ते मगाशीच खाल्लं.” एवढ्या तासाभरात मी वर्षभर जे शिकवतो ते दोन फुटाण्यांनी शिकवलं. पण आपण मुद्द्यावर येऊ.

सरकार पाडण्याच्या ताकदीवर दर्जा ठरत असता तर शिवसेनेला कॅबिनेट मिळायला हवं होतं आणि मांझींना काहीच नको. उलट झालं. म्हणून दुसरा प्रश्न विचारावा लागतो: ज्याच्याकडं ताकद आहे त्याला जायला दुसरं दार आहे का? चंद्राबाबू आणि नितीशकुमार दोघांनीही आयुष्यात अनेकदा दार बदललेलं, आणि पुन्हा बदलणार नाहीत याची हमी त्यांच्या घरचेही देणार नाहीत. शिंदेंना मात्र पलीकडच्या दारात उद्धव ठाकरे बसलेले. तिकडं जाणं म्हणजे स्वतःचंच पक्षाचं नाव आणि धनुष्यबाण खोटं ठरवणं. ताकद होती, ती वापरायला रस्ता नव्हता. अशा माणसानं ‘बिनशर्त’ म्हटलं तर तो मोठेपणा करतोय की असलेली परिस्थिती सांगतोय? मला दुसरं वाटतं.

आणि तिसरं, जे दिल्लीच्या वार्ताहरांपेक्षा कोल्हापूरच्या पोरांना लवकर कळलं: शिंदेंचं दिल्लीतलं खातं आणि मुंबईतलं खातं एकाच वहीत होतं. जून २०२४ मध्ये ते स्वतः मुख्यमंत्री होते, आणि तेही १०५ आमदार निवडून आणलेल्या भाजपच्या पाठिंब्यावर. मुंबईत उचल इतकी मोठी घेतलेली की दिल्लीत हात आखडणारच. मांझी आणि कुमारस्वामी यांची वही जवळजवळ कोरी होती. दोघंही माजी मुख्यमंत्री, एक बिहारमधले दलित नेते, दुसरे कर्नाटकातल्या वक्कलिगांचे. त्यांना कॅबिनेटपेक्षा खाली बसवणं म्हणजे घरी बोलावून पायपुसण्यावर बसवण्यासारखं झालं असतं. बिहारची निवडणूक पुढच्या वर्षी होती, तेही मोजलं गेलंच असणार.

शिवसेनेला कमी मिळालं, हे खरं. फसवलं गेलं, हे मला पटत नाही. तिनं आधीच वाजवून घेतलं होतं.

मागची उदाहरणं

जुन्या गोष्टी थोडक्यात. २०१९ मध्ये नितीशकुमारांकडं १६ खासदार होते आणि भाजपकडं एकट्याचे ३०३. एक मंत्रिपद देऊ केलं, ते त्यांनी नाकारलं. २०२४ मध्ये त्यांचे खासदार चारांनी कमी झाले, भाजप २४० वर आला, आणि त्यांना दोन मंत्रिपदं मिळाली. स्वतःचं वजन घटलं तरी काट्यावरचं दुसरं पारडं जास्त घटलं होतं. २००९ मध्ये द्रमुकनं उलटं केलं. मंत्रिपदांच्या संख्येवरून अडून बसले. २२ मे रोजी मनमोहन सिंग आणि बाकीच्यांनी शपथ घेतली तेव्हा द्रमुक बाहेर होता, आणि मनासारखं जमल्यावर २८ मेच्या विस्तारात आत आला.

यापेक्षा मला दुसरी दोन उदाहरणं महत्त्वाची वाटतात, कारण ती आघाडीतल्या मंत्र्याचा खरा मालक कोण हे दाखवतात. घटनेच्या कलम ७५ प्रमाणं मंत्री राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर असतो, आणि व्यवहारात ती मर्जी म्हणजे पंतप्रधानांची. सुरेश प्रभू वाजपेयींच्या मंत्रिमंडळात ऊर्जामंत्री होते, कामाबद्दल नाव होतं, पंतप्रधानांची तक्रार नव्हती. २००२ मध्ये बाळासाहेब ठाकरेंनी सांगितलं आणि त्यांना जावं लागलं. ऊर्जा खात्यावर गीते आले. २०१२ च्या मार्चमध्ये तृणमूलचे दिनेश त्रिवेदी यांनी रेल्वे अर्थसंकल्पात भाडेवाढ मांडली आणि काही दिवसांत ममता बॅनर्जींच्या सांगण्यावरून त्यांचं रेल्वेमंत्रिपद गेलं, जागी मुकुल रॉय आले. मंत्री केंद्राचा, पण दोर कोलकात्याला किंवा वांद्र्याला. प्रभू पुढं २०१४ मध्ये भाजपमध्ये जाऊन रेल्वेमंत्री झाले आणि त्यांच्याच काळात कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेमार्गाला मंजुरी मिळाली. गगनबावड्याच्या घाटात अजून शिट्टी ऐकू आलेली नाही, हा विषय वेगळा.

कोल्हापूरच्या ताटात काय पडलं

सोमवारी रात्री खाती जाहीर झाली. मंगळवारी आमची बैठक परत भरली, यावेळी फुटाण्यांऐवजी खडू घेऊन. महाराष्ट्राला सहा मंत्री: गडकरी आणि पीयूष गोयल कॅबिनेट, जाधवांना आयुषचा स्वतंत्र प्रभार, आठवले, रक्षा खडसे आणि मुरलीधर मोहोळ राज्यमंत्री. कोल्हापूर जिल्ह्याला त्यात काही नव्हतं, आणि ते अपेक्षितच होतं. कोल्हापुरातून काँग्रेसचे शाहू महाराज निवडून आलेले, म्हणजे विरोधी बाकावर, आणि हातकणंगले शिवसेनेच्या एका जागेच्या रांगेत मागं. मोहोळ पुण्याचे, पण कुस्ती कोल्हापुरात केलेली, म्हणून एका पोरानं त्यांना अर्धं आपलं धरायचा ठराव मांडला. तो एकमतानं मंजूर झाला.

मंत्री आपला आहे का, हा प्रश्न मी पोरांना सोडायला लावला आणि दुसरा दिला: कोल्हापूरचं पोट ज्यांवर चालतं त्या खात्यांच्या किल्ल्या कुणाकडं गेल्या?

आधी ऊस. एफआरपीची (उसाच्या किमान दराची) शिफारस करणारा कृषी मूल्य आयोग कृषी खात्याखाली, तिथं शिवराजसिंह चौहान. ती मंजूर करते आर्थिक व्यवहारविषयक मंत्रिमंडळ समिती. २०२४-२५ च्या हंगामासाठी क्विंटलला ३४० रुपये आधीच ठरले होते, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला. साखरेचा किमान विक्री दर, जो २०१९ च्या फेब्रुवारीपासून किलोला ३१ रुपयांवरच होता, तो अन्न खात्याकडं, म्हणजे प्रल्हाद जोशी. इथेनॉल घेणाऱ्या तेल कंपन्या हरदीपसिंग पुरींच्या खात्यात. निर्यात गोयलांच्या वाणिज्य खात्यात. सहकारी कारखाने अमित शहांच्या सहकार खात्यात, खाली मोहोळ. फळ्यावर नावांपुढं पक्ष लिहीत गेलो आणि सगळ्यांपुढं एकच पक्ष आला. उसाच्या फडापासून गोदामापर्यंत एकही मुख्य किल्ली मित्रपक्षाकडं नव्हती. उसापुरतं बोलायचं तर दिल्लीत आघाडी सरकार आलंच नव्हतं.

मग फौंड्री. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर. पोलाद आणि अवजड उद्योग दोन्ही कुमारस्वामींकडं. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मांझींकडं. उजळाईवाडीच्या विमानतळाचं खातं राममोहन नायडूंकडं. नवीन टर्मिनलचं उद्घाटन तीनच महिन्यांपूर्वी झालेलं. म्हणजे भट्टीवाला आणि विमानानं फिरणारा कारखानदार यांना मित्रपक्षांच्या दारात जावं लागणार, आणि ऊसवाल्याला भाजपच्या. एकाच जिल्ह्याला दोन सरकारं. हे मी कुठं वाचलं नव्हतं, फळ्यावरच दिसलं.

एकेकाळी महाराष्ट्राकडं असलेलं अवजड उद्योग आता कर्नाटकाला गेलं, हेही एकानं बोलून दाखवलं. सीमाभागातल्या पोरांना असल्या गोष्टी लवकर लागतात.

राज्यमंत्र्याचं वजन किती, यावर तासभर गेला. नुसता राज्यमंत्री मंत्रिमंडळाच्या बैठकीत नसतो. स्वतंत्र प्रभारवाल्याला त्याच्या खात्याचा विषय असला तर बोलावतात. राज्यमंत्र्यानं काय बघायचं ते त्याचा कॅबिनेट मंत्री वाटून देतो, आणि काहीच वाटलं नाही तर तो संसदेत लेखी उत्तरं टेबलावर ठेवत बसतो. मोहोळांचा गंमतीदार प्रसंग असा की विमान वाहतुकीत त्यांच्या वर तेलुगू देसमचे नायडू, आणि सहकारात त्यांच्या वर अमित शहा. एकाच माणसाला सकाळी मित्रपक्षाचा साहेब आणि दुपारी स्वपक्षाचा.

गृह, संरक्षण, अर्थ, परराष्ट्र ही चारही भाजपनं ठेवली, त्यामुळं पंतप्रधानांसह या चौघांची सुरक्षाविषयक समिती पूर्ण एका पक्षाची झाली. रेल्वेही ठेवली. आधीच्या आघाड्यांत रेल्वे हे मित्रपक्षाचं हक्काचं गाजर असायचं. पासवान, नितीशकुमार, ममता, लालू, सगळे त्या डब्यातून जाऊन आले. यावेळी डबा बंद.

चंद्राबाबू गप्प का बसले?

१६ खासदार असून दोन मंत्री, त्यातला एकच कॅबिनेट, आणि तक्रार नाही. पोरांना हे मांझींपेक्षा जास्त खटकलं. उत्तर २३ जुलैला मिळालं, अर्थसंकल्पाच्या दिवशी: आंध्रच्या राजधानीसाठी १५ हजार कोटींची सोय, बिहारच्या रस्त्यांसाठी २६ हजार कोटी. चंद्राबाबूंना खुर्ची नको होती, अमरावती हवी होती. मंत्रिपद हा हप्ता असतो, मुद्दल दुसरीकडं असते. महाराष्ट्रालाही १९ जूनला मुद्दल म्हणण्यासारखं एक मिळालं होतं, वाढवण बंदराला मंत्रिमंडळाची मंजुरी, सुमारे ७६ हजार कोटींचा प्रकल्प. पण ते शिवसेनेनं मागून मिळवलं असं कुणी म्हटलं नाही, शिवसेनेनंही नाही. पालघरच्या मच्छीमारांचा त्याला विरोध होता, हेही कारण असेल.

कोल्हापुरात याला आम्ही काटा मारणं म्हणत नाही, हिशोब ठेवणं म्हणतो. पैरा करताना शेजारी आज तुमच्या रानात बैल घेऊन येतो तो दुपारच्या भाकरीसाठी नाही. त्याला त्याच्या पेरणीच्या दिवशी तुमचे बैल हवे असतात. भाकरी चांगली नव्हती म्हणून तो भांडत नाही. हातकणंगल्याचं पोरगं मात्र भाकरीवरच अडलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा पक्षही.

नंतर

नोव्हेंबरमध्ये विधानसभेचे निकाल लागले. भाजप १३२, शिवसेना ५७, राष्ट्रवादी ४१. कोल्हापूर जिल्ह्यात दहाच्या दहा जागा महायुती आणि तिच्या बाजूच्यांना. ५ डिसेंबरला फडणवीस मुख्यमंत्री झाले आणि शिंदे उपमुख्यमंत्री. म्हणजे मुंबईची जी उचल दिल्लीच्या हिशोबात वळती केली होती, ती उचल परत गेली. दिल्लीचं खातं मात्र जिथल्या तिथं. मी पोरांना विचारलं, आता शिंदेंनी जूनची वही परत उघडायला सांगावी का? कागलचं पोरगं म्हणालं, सांगून उपयोग नाही, आता भाजपला मुंबईत दुसऱ्या कुणाचीही गरज जवळजवळ उरलेली नाही. शिरोळच्या मुलीनं दिल्लीतला आकडा दाखवला: २४० काही बदललेले नाहीत, आणि चंद्राबाबू अधिक सात अजूनही तेवीसच होतात. दोघंही बरोबर होते. त्यावर आमचं एकमत झालेलं नाही.

जानेवारीत पालकमंत्र्यांची यादी आली. कोल्हापूरला पालकमंत्री शिवसेनेचे प्रकाश आबिटकर, आणि जोडीला भाजपच्या माधुरी मिसाळ सह-पालकमंत्री. आधी पालकमंत्री असलेले राष्ट्रवादीचे हसन मुश्रीफ वाशीमला. त्या रात्री साडेदहाला हातकणंगल्याच्या पोराचा फोन आला.

“सर, पालकमंत्री बी घरटीच झालं की.”

मग जरा थांबून म्हणाला, “पर वाशीमला जायला आपल्याकडनं गाडी कुठनं असती?”